जोड मोडायचा नाही

मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी.ए.ची. अशा माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटत असेल. पण शाळेत जे चटकन समजते त्यावर पुढे बोलण्यासारखे फार काही नसते. जे समजत नाही, रडवते आणि मग एके दिवशी समजते, ते जन्मभर सोबत राहते. माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे रासायनिक समीकरण संतुलित करणे.

१९८३ साली मी नाशिकच्या एका मराठी शाळेत नववीत होतो. सरांनी पहिले उदाहरण घातले ते पाण्याचे. इथे माझ्याजवळ फळा नाही, तेव्हा समीकरण कानानेच ऐका. एच टू अधिक ओ टू बरोबर एच टू ओ. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. सर म्हणाले, ‘‘आकडे जुळवा.’’ मी लगेच जुळवले. उजवीकडच्या ओच्या पायाशी बारीक दोन लिहिला. झाले एच टू ओ टू. दोन्हीकडे दोन-दोन. वर्गात सर्वांत आधी माझे झाले, या आनंदात मी वही घेऊन गेलो. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. म्हणाले, ‘‘अरे, हे पाणी नाही.’’ पाणी नाही तर काय, ते कळण्याआधी तास संपला.

ते काय होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुताना ज्याचा पांढरा फेस येतो ते औषध. आकडे जुळवण्याच्या नादात मी प्यायच्या पाण्याचे औषध करून ठेवले होते.

घटक चाचणीत या प्रश्नाला मला शून्य मिळाले. पुढच्या चाचणीतही तेच. मी नियम पाठ केला होता. रेणूसूत्रातला बारीक आकडा बदलायचा नाही, सूत्राच्या आधी मोठा आकडा लिहायचा. पण का, हे कळत नव्हते. आणि का ते कळत नसले की पाठ केलेला नियम ऐन वेळी दगा देतो.

भद्रकाली भागात आमचे चपलांचे छोटे दुकान होते. संध्याकाळी मी तिथे गल्ल्याशेजारी बसून अभ्यास करायचो. अब्बा उर्दू चौथी शिकलेले. एकदा त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि विचारले, ‘‘यात अडलंय काय?’’ मी म्हणालो, ‘‘पाण्याला हायड्रोजन दोन लागतात, ऑक्सिजन एक. पण दोघेही जोडीनेच येतात.’’ अब्बांनी मांडणीवरून एक काळा जोड काढला, एक तांबडा काढला. म्हणाले, ‘‘म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकाला काळ्या दोन पाहिजेत, तांबडी एक. दिल्या. आता ही एक तांबडी उरली. ही कुठे गेली?’’ मी म्हणालो, ‘‘ती सोडून देऊ.’’ अब्बा हसले. ‘‘सोडून कशी देशील? पैसे मोजून माल आणलाय. हिशेब लागला पाहिजे.’’ मग म्हणालो, ‘‘तीही त्याच गिऱ्हाइकाला देऊ.’’ ‘‘त्यानं मागितलीच नाही, बेटा. जबरदस्तीनं दिलीस तर तो गिऱ्हाईकच दुसरा झाला.’’

थोडा वेळ मी त्या उरलेल्या तांबड्या चपलेकडे बघत बसलो. मग म्हणालो, ‘‘तसंच दुसरं गिऱ्हाईक आणावं लागेल.’’ ‘‘आण की. त्याला काळ्या कुठून देशील?’’ ‘‘काळा आणखी एक जोड काढू.’’ अब्बांनी तो काढला. काळे दोन जोड, तांबडा एक जोड, गिऱ्हाइके दोन. काही उरले नाही, काही कमी पडले नाही. दोन एच टू अधिक ओ टू बरोबर दोन एच टू ओ. ‘‘जोड मोडायचा नाही,’’ अब्बा म्हणाले, ‘‘जोड किती काढायचे ते ठरवायचं.’’

त्या दिवसापासून मला समीकरणे येऊ लागली. पण मी ही गोष्ट सांगायला आलो आहे ती अब्बांच्या कौतुकासाठी नव्हे. चपलांच्या दुकानात त्यांनी मला ज्या दोन गोष्टी पाच मिनिटांत सांगितल्या, त्या जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कळायला किती काळ लागला, हे पुढे वाचनात आले आणि मी चकित झालो. पहिली गोष्ट, ‘ही एक कुठे गेली?’ दुसरी, ‘जोड मोडायचा नाही.’

पहिली गोष्ट आधी घेऊ. लाकूड जळते आणि चिमूटभर राख उरते. बाकीचे कुठे गेले? अठराव्या शतकातले बहुतेक रसायनज्ञ म्हणत की जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचे काही असते, ते निघून जाते. पण कथील किंवा शिसे हवेत तापवले की त्याची जी भुकटी होते तिचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते. काही निघून गेले तर वजन वाढेल कसे? या प्रश्नाचा छडा लावला तो पॅरिसच्या आंत्वान लव्हाझिए याने. हा माणूस राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीतला भागीदार होता. जमाखर्च त्याच्या अंगात मुरलेला. १७७४ मध्ये त्याने कथील बंद भांड्यात तापवले. तापवण्याआधी वजन केले, नंतर केले. भांडे बंद होते तोवर वजन तेवढेच राहिले. उघडताच आत हवा शिरली आणि वजन वाढले. म्हणजे कथलाने भांड्यातल्याच हवेचा काही भाग घेतला होता. बाहेरून काही आले नव्हते, आतले काही गेले नव्हते.

१७८९ मध्ये लव्हाझिएने रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात आंबण्याच्या प्रकरणात त्याने एक ओळ मांडली आहे, ती आम्हा नाशिककरांना जवळची वाटावी अशी आहे. द्राक्षाचा रस एका बाजूला, मध्ये बरोबरचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला कार्बनिक आम्ल आणि अल्कोहोल. कार्बनिक आम्ल म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड वायू. निफाड-दिंडोरीची द्राक्षे खाऊन वाढलेल्या मला हे वाचून बरे वाटले. रासायनिक बदल समीकरण म्हणून मांडण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत चक्क द्राक्षे होती.

ही ओळ त्याने हवेत लिहिली नव्हती. हिशेबासाठी त्याने ४०० पौंड पाणी, १०० पौंड साखर आणि १० पौंड यीस्ट धरले, एकूण ५१० पौंड. आंबून झाल्यावर किती वायू सुटला, किती अल्कोहोल झाले, किती पाणी आणि किती साखर उरली, याचा जमाखर्च मांडून पुन्हा ५१० पौंडांचा मेळ घातला. त्याच्या मोजमापांत बऱ्यापैकी चुका होत्या आणि त्या नशिबाने एकमेकींना पुरून उरल्या, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. तरी निष्कर्ष खरा निघाला. आज आपण म्हणतो, ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. अणू मोजून पाहा. कार्बन सहाचे सहा, हायड्रोजन बाराचे बारा, ऑक्सिजन सहाचे सहा.

यालाच शाळेत द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात. समीकरण संतुलित करणे म्हणजे या नियमाची दर वेळी सही घेणे. लव्हाझिएचा शेवट मात्र वाईट झाला. कर गोळा करणाऱ्यांवर क्रांतीचा राग होता. ८ मे १७९४ रोजी इतर भागीदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला.

आता दुसरी गोष्ट, जोडाची. १८०८ साली इंग्लंडच्या जॉन डाल्टनने अणूंचा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. पण पाण्यात हायड्रोजनचे अणू किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. डाल्टनने सर्वांत सोपा अंदाज धरला, एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. म्हणजे त्याच्या लेखी पाण्याचे सूत्र एच ओ. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने मोजून दाखवले की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांची वाफ होते ती दोन मापे. दोन, एक, दोन. आपल्या समीकरणातले पुढचे आकडे तेच आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. पण अडचण अशी की एका माप ऑक्सिजनमधून दोन मापे वाफ व्हायची तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगला पाहिजे. आणि अणू तर दुभंगत नाही असे डाल्टन म्हणत होता. त्याने गे-ल्युसॅकची मापेच मानली नाहीत.

वाट दाखवली ती इटलीच्या आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रोने, १८११ मध्ये. तो म्हणाला, वायूचा कण म्हणजे एकटा अणू नव्हे. हायड्रोजन, ऑक्सिजन हे जोडीने राहतात. दुभंगते ती जोडी, अणू नव्हे. किती साधी गोष्ट! पण एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे त्या काळच्या बड्या मंडळींना पटेना. जवळजवळ पन्नास वर्षे अ‍ॅव्होगॅड्रोचे म्हणणे धूळ खात पडले. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये अक्षरांच्या खुणा सुचवल्या, त्याच एच आणि ओ आपण आजही वापरतो. पण खुणा एक असून सूत्रे ज्याची त्याची वेगळी. कोणी पाणी एच ओ लिही, कोणी एच टू ओ.

शेवटी सप्टेंबर १८६०मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह या गावी रसायनज्ञांची परिषद भरली. तिथे इटलीच्याच स्तानिस्लाओ कानिझारोने अ‍ॅव्होगॅड्रोची बाजू मांडली. त्याची पुस्तिका घेऊन लोक घरी गेले, वाचली आणि हळूहळू पटले. अ‍ॅव्होगॅड्रो मात्र त्याआधीच, १८५६ मध्ये, वारला होता.

हे मी वाचले तेव्हा माझी शून्य मार्कांची वही आठवली. पाण्याचे सूत्र काय लिहावे यावर युरोपातले विद्वान पन्नास वर्षे घोळ घालत होते. नववीतल्या पोराचा चार दिवस घोळ झाला तर त्यात एवढे लाजण्यासारखे काय होते? आणि एक गोष्ट ध्यानात आली. सूत्र आधी प्रयोगाने ठरते, ते पदार्थाचे नाव असते. त्यातला बारीक आकडा बदलणे म्हणजे पदार्थच बदलणे. आपल्या हातात असते ते फक्त नगांची संख्या ठरवणे. हे कोणी एवढ्या शब्दांत सांगितले असते तर नियम पाठ करावा लागला नसता.

मी वहीत जे करत होतो त्यालाही इतिहास आहे, तोही ऐका. रसायनविद्येला अरबीत ‘कीमिया’ म्हणतात. आपला ‘किमया’ हा शब्द तिथूनच आलेला. आठव्या-नवव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर या विद्येचे अनेक ग्रंथ आहेत. त्यांतल्या काहींचे नावच ‘मीज़ान’ म्हणजे तराजूचे ग्रंथ असे आहे. पण हा तराजू दुकानातला नव्हे. पदार्थाच्या अरबी नावातली अक्षरे मोजून त्यात उष्णता किती, थंडी किती, कोरडेपणा आणि ओलावा किती, ते तिथे काढलेले आहे. कवी म्हणून मला ही कल्पना फार आवडते. नावाचे वजन करून वस्तू कळेल, असे मानायला माझे मन तयारच असते. पण तसे होत नाही. त्या ग्रंथांत नाव तोलले, लव्हाझिएने वस्तू तोलली. मीही वहीत अक्षरे आणि आकडेच हलवत होतो. अब्बांनी समोर वस्तू ठेवली.

माझा एक मावसभाऊ मालेगावला उर्दू माध्यमात शिकत होता. सुटीत तो आला की आम्ही पुस्तके शेजारी ठेवायचो. दोन्हींचा अभ्यासक्रम एकच. माझ्या पुस्तकात ‘समीकरण’, त्याच्या पुस्तकात ‘मुसावात’. मुसावात म्हणजे समानतासुद्धा. माझ्याकडे ‘संतुलित’, त्याच्याकडे ‘मुतवाज़िन’. या शब्दात ‘वज़न’ दडलेले आहे, तेच आपले वजन. आम्ही दोघे हसायचो. त्याला माझे शब्द जड वाटत, मला त्याचे. गंमत अशी की हिंदीत गेलात तर आणखी घोटाळा. मराठीतला अणू हिंदीत परमाणु होतो आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू.

शास्त्र आपल्या भाषेत आणण्याची खटपट जुनी आहे. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकातच पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तके लिहिली. तिकडे निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तिथे शास्त्रेही उर्दूतून शिकवली जात. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. तेव्हा घरी मराठी बोलणाऱ्या कित्येक मुलांनी पुढचे शिक्षण उर्दूतून घेतले. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि एकच पाठ राज्यातल्या निरनिराळ्या भाषांत छापला जाऊ लागला. शब्द कोणताही असो, पारड्यात काय ठेवले ते मुलाला दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

आणि दिसण्यासारखे पुष्कळ असते. आमच्या दुकानापासून तांबट आळी आणि भांडी बाजार लांब नव्हता. मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. जमिनीत छोटा खड्डा, भाता, निखारे. तांब्या-पितळेचे भांडे तापवायचा, कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवायचा, कथलाचा तुकडा टेकवायचा, आणि काळे पडलेले भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. भसकन पांढरा धूर निघायचा. कल्हई हा शब्दही अरबीतला, त्याचा अर्थ कथील. आम्ही पोरे त्या धुरात उभी राहून खोकायचो.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. भांड्यावर जो काळा थर असतो तो तांब्याचा ऑक्साइड. हायड्रोजन क्लोराइड त्याला खाते. ऑक्साइड एक, हायड्रोजन क्लोराइड दोन. त्यांच्यापासून कॉपर क्लोराइड एक, पाणी एक. मोजा. तांबे एक-एक, ऑक्सिजन एक-एक, हायड्रोजन दोन-दोन, क्लोरीन दोन-दोन. काळा थर गेला की कथील उघड्या तांब्याला घट्ट धरते. हे समीकरण आमच्या दारात दर दोन-चार महिन्यांनी सुटत होते आणि मी शाळेत शून्य मिळवत होतो.

तो पांढरा धूर कुठे जातो, असे लहानपणी वाटायचे. वाटायचे, गेला हवेत, संपला. तसे नाही. ते दोन वायू थंड हवेत पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागरच होतो. जो धूर म्हणून दिसतो तो नवसागराचाच बारीक कण. भिंतीवर, कपड्यांवर, आमच्या केसांवर तो बसलेला असायचा. एक कणही नाहीसा झालेला नसायचा.

पुढे मी गझल लिहायला शिकलो. उस्ताद म्हणायचे, दोन्ही मिसऱ्यांचे वजन एक पाहिजे, आणि वजनासाठी शब्द मोडायचा नाही. त्यांना वाटले, हे मला पहिल्यांदाच कळते आहे. मी काही बोललो नाही.

विज्ञान शाखेला मी गेलो नाही. नववीतल्या त्या दोन शून्यांनी मनात घर केले होते. समीकरणे यायला लागली तोवर आपण त्यातले नाही असे मी ठरवून टाकले होते. याचा दोष कोणाला द्यावा असे आता वाटत नाही. पण अजूनही कितीतरी मुले याच दारातून परत फिरत असतील. म्हणून ही विनंती. घरातले मूल असे समीकरण घेऊन अडून बसले, तर तुम्हाला रसायनशास्त्र येत नाही म्हणून उठून जाऊ नका. दारातल्या चपला आत आणा. दोन काळे जोड, एक तांबडा. आणि उरलेल्या एका चपलेकडे बोट दाखवून त्याला एवढेच विचारा, ही कुठे गेली?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)